कानस, गुण्या आणि पंधरावं वर्ष

शाळेच्या मागच्या अंगाचं टिनाचं शेड आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे असेल. कार्यानुभवाचा तास तिथे व्हायचा आणि बहुतेकांना ती अभ्यासातून मिळालेली मोकळीक वाटायची. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुलं रोज समोर असतात, आणि त्या वयाला जे लागतं त्यातलं बरंच काही त्या शेडमध्ये होतं, असं माझं आता ठाम मत आहे. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आठवणींपेक्षा त्याविषयीच लिहावं असं वाटलं.

सुरुवात कानसकामापासून करतो. नवीन मुलाच्या हाती माइल्ड स्टीलची पट्टी आणि बास्टर्ड, म्हणजे जाड दात्यांची कानस दिली जाते. एक बाजू सपाट करायची, मग शेजारची बाजू तिच्याशी काटकोनात आणायची. पट्टी पकडून ठेवणाऱ्या व्हाइसच्या जबड्याची वरची कड मुलाच्या कोपराच्या उंचीला हवी. मूल बुटकं असेल तर पायाखाली फळी द्यावी लागते, नाहीतर खांदे वर चढतात आणि अर्ध्या तासात मान भरून येते. डावा पाय पुढे. कानस पुढे ढकलताना सुरुवातीला टोकावरच्या डाव्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, शेवटी मुठीवरच्या उजव्या हाताचा जास्त. मागे येताना दाब नाही, कारण दाते पुढे जातानाच कापतात. नवखा मुलगा दोन्ही हातांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जोर लावतो. मग कानस तराजूसारखी झुलते, कडा जास्त झिजतात आणि मध्यभाग फुगीर राहतो. पट्टीवर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, टेकवून उजेडासमोर धरली की दोन्ही कडांना प्रकाशाची बारीक फट दिसते.

ही फट फार मोलाची आहे. पंधराव्या वर्षी दुसऱ्या माणसाने काढलेली चूक अंगाला लागते. चारचौघांत काढली तर जास्तच. मूल एकतर हुज्जत घालतं, नाहीतर तोंड मिटून बसतं. गुण्याशी हुज्जत घालता येत नाही, आणि तो कोणाचा अपमानही करत नाही. मूल पट्टी पुन्हा व्हाइसमध्ये बांधतं. सुरुवातीला अर्ध्या मिलिमीटरची सूट असते, पुढे तीच मुलं ०.०४ मिलिमीटरपर्यंत येतात. आधी मापायचं, मग घासायचं, थांबून पुन्हा मापायचं. मनाला आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, तर चटकन मिळणाऱ्या शाबासकीची आणि मित्रांच्या नजरेची ओढ त्याच्या कितीतरी आधी जोर धरते. थांबून मापण्याची सवय या वयातच हातात बसवायला हवी, असं मी म्हणतो ते यासाठी.

आपल्या विदर्भाला हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं एका मूलोद्योगाला, म्हणजे मुख्य हस्तोद्योगाला, दिलेली होती. इतका वेळ आज कोणी देणार नाही आणि देऊही नये, पण उद्योगातून गणित आणि भाषा शिकवायची ही बैठक भक्कम होती. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. शाळांमध्ये उतरेपर्यंत त्याचं बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्याच्या वस्तू आणि वर्षअखेरचं प्रदर्शन झालं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने आठवी ते दहावीसाठी आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा कामांना दिला, तो नमुना मला आजही सगळ्यांत व्यवहार्य वाटतो.

आता शाळेबाहेरचं काम. आपल्या नागपुरात इतवारीतलं दुकान, सीताबर्डीतला ठेला, हिंगणा रोडवरचं गॅरेज, लग्नसराईत लॉनवर वाढप्याचं काम. पालक विचारतात, मुलाला कामाला लावावं की नाही? मी उलट विचारतो की तीन महिन्यांनी त्याला कोणतं नवीन काम येईल, आणि चुकला तर शेजारी कोण उभं असेल? गॅरेजमध्ये दोन मुलं असतात. एक पहिल्या महिन्यात पाने ओळखायला शिकतो, मग चेन काढणं, ब्रेक शू बदलणं, पुढे उस्तादाच्या नजरेखाली कार्ब्युरेटर उघडणं. दुसरा दोन वर्षं पेट्रोलमध्ये पार्ट धुतो आणि चहा आणतो. गल्ल्यातून दोघांना सारखेच पैसे मिळत असतील, पण दुसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, शिवाय हाताची कातडी जाते आणि श्वासात पेट्रोलची वाफ जाते ती वेगळीच.

यावर परदेशात बरीच वर्षं काम झालेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९२०-२१ साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी मांडला. १९३० च्या दशकातल्या महामंदीत ज्यांच्या घरची मिळकत घटली, त्यांतले मुलगे छोट्या नोकऱ्या धरू लागले, मुली घर सांभाळू लागल्या, आणि ती मुलं लवकर जबाबदार झाली. पण शेजारच्या बर्कली शहरातल्या दुसऱ्या अभ्यासगटातली, त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी लहान मुलं त्याच मंदीत जास्त खचली. म्हणजे वयाने फरक पडतो. अमेरिकेतल्याच मिनेसोटात समाजशास्त्रज्ञ जेलन मॉर्टिमर यांनी १९८८ पासून नववीच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथे आठवड्याला वीस तासांच्या आत, वर्षभर सलग केलेलं आणि शिकायला मिळणारं काम मुलांच्या पुढच्या शिक्षणाच्या आड आलं नाही.

वीस तास ही तिकडची वरची मर्यादा. आपल्या मुलाचा दिवस घड्याळावर मांडून पाहा. शाळा आणि जाणं-येणं सात तास, झोप साडेआठ-नऊ, आंघोळ-जेवण दोन, अभ्यास दोन. उरतात चारेक तास, आणि त्यातच खेळ, मित्र, रिकामं बसणंही आहे. शाळेच्या दिवशी दोन तास आणि रविवारी चार, म्हणजे आठवड्याला सोळा. यापुढे गेलं की पहिली कात्री झोपेला लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच एक-दोन तास पुढे सरकतं, त्यामुळे दहाला आडवं झालं तरी डोळा लागत नाही. लॉनवरून रात्री एकला परतलेलं मूल सकाळी सातच्या शाळेत बाकावर बसलेलं दिसतं, पण त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय २०२४ मध्ये झाला. उशिरा उठण्याची खरी गरज नववी-दहावीच्या मुलांना आहे, त्यांचा विचारही व्हावा.

कायदा पालकांना आणि मालकांनाही नीट माहीत नसतो. चौदाच्या आत नोकरीवर ठेवायला बंदी आहे. घरच्या धंद्यात शाळेनंतर किंवा सुट्टीत हातभार लावता येतो, तोही काम धोक्याचं नसेल तर. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटकं-ज्वालाग्राही पदार्थ आणि घातक प्रक्रियांमध्ये लावता येत नाही. इतर ठिकाणी एका वेळी तीन तासांहून जास्त काम नाही, मध्ये किमान तासभर विश्रांती, ती धरून दिवसाचे सहा तास, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. लॉनवरचं वाढपीपण इथेच निकालात निघतं.

मजुरी मुलाच्या नावावर जावी. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत स्वतःचं बचत खातं चालवता येतं. घराला पैशाची गरज असेल तर त्याने जरूर द्यावेत, पण स्वतःच्या हाताने काढून द्यावेत.

मुलींच्या कामाचा हिशेब कोणी ठेवत नाही. पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडं मिळून सहज तीन तास होतात, आणि तिचं घड्याळ मांडताना ते गृहीत धरले जात नाहीत. काटोल, कळमेश्वर, हिंगणा भागात दिवाळीनंतर कापसाची वेचणी असते, कंबरेला ओटी बांधून मुली शेतात असतात आणि हजेरीपटावर रिकाम्या जागा वाढतात. संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडायला येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. शाळा सुटते ती अशी, एका दिवसात नाही. मूल पंधरा दिवस गैरहजर राहतं, परत येतं तेव्हा बीजगणितात वर्ग दोन प्रकरणं पुढे गेलेला असतो, विचारायची लाज वाटते, आणि ते पुन्हा वेचणीला जातं. वेचणीत निदान काही येत असल्याचं समाधान असतं. वर्गशिक्षकांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जाऊन यावं. परतल्यावर पहिला आठवडा एक सोबती बाजूला बसवावा, चुकलेल्या भागातलं प्रत्येक विषयाचं दोन पानांत मावेल एवढंच आधी द्यावं, आणि गैरहजेरीबद्दल परिपाठात उभं करू नये. ज्यांची शाळा सुटूनच गेली त्यांच्यासाठी बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म आहे, तो कुठे भरायचा हे शाळेनेच त्यांना शोधून सांगावं.

माजी विद्यार्थ्यांनी मिळून ते शेड पुन्हा चालू करावं, अशी विनंती आहे. आठ व्हाइस पुरतात. एका व्हाइसवर दोघं, एक काम करतो तेव्हा दुसरा मापतो. प्रत्येकी एक बास्टर्ड आणि एक स्मूथ कानस, कानस साफ करायला तारेचे ब्रश, गुण्या, मापायची स्टीलची पट्टी, धातू कापायच्या हॅकसॉच्या फ्रेम आणि ३०० मिलिमीटरची पाती. पाती भरपूर आणा, नवखी मुलं ती वाकडी चालवून मोडतात. मूठ नसलेली कानस कोणाच्याही हाती देऊ नका, तिची शेपटी तळहातात घुसते. शनिवारी सकाळी नऊ ते अकरा, मुलं-मुली एकत्र. व्हाइसची टेबलं मोठ्या माणसांच्या मापाची आहेत, ती हलवायची गरज नाही. आठवीच्या मुलांसाठी पायाखालच्या फळ्या तेवढ्या दोन उंचीच्या करून घ्याव्यात, चार इंची आणि सहा इंची.