तीन कम्प्युटर, एक संहिता आणि पान नंबर अकरा

मागच्या शनिवारी आमच्या एकांकिकेच्या तालमीत दिग्दर्शक म्हणाला, 'पान अकरा काढा, आईच्या एन्ट्रीपासून घेऊ', आणि परळच्या त्या हॉलमध्ये पुढची पाच मिनिटं नुसता पानं चाळल्याचा आवाज. माझ्या अकराव्या पानावर आईची एन्ट्री बरोब्बर वरच होती, ऑफिसातून प्रिंट काढून आणलेल्या मुलाच्या अकराव्या पानावर आई अजून आलेलीच नाही, आणि दादाने त्याच्या मॅकवरून काढलेल्या प्रतीत ती दहाव्या पानावर येऊन चहा ठेवून गेलेली. फाइल एकच होती हो, मीच सगळ्यांना पाठवलेली साधी टेक्स्ट फाइल. माझ्याकडे बत्तीस पानं, ऑफिसवाल्याकडे पस्तीस, दादाकडे तीस.

प्रॉम्प्टिंग करणाऱ्या ताईंना याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. त्यांची प्रत बघण्यासारखी असते, समासात पेन्सिलने बारीक अक्षरात 'इथे श्वास', 'खुर्ची डावीकडे', दोन वाक्यांमध्ये एक छोटी आडवी रेघ म्हणजे पॉज. मोबाइलवर हे होत नाही, म्हणून एकांकिकेला कागद लागतोच आणि तो सगळ्यांचा सारखाच लागतो. म्हणून हा आठवडा मी रोज रात्री याच्यामागे लागलो, आणि जे कळलं ते इथे लिहून ठेवतोय कारण मराठीत टेक्स्ट एडिटरमधून प्रिंट काढायचं कुणी नीट सांगत नाही.

मी लिहितो विम नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये, घरच्या लिनक्सवर. विममध्ये प्रिंटसाठी हार्डकॉपी नावाची कमांड आहे. विंडोजवर ती विंडोजची प्रिंटची खिडकी उघडते, लिनक्स-मॅकवर मात्र ती पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसं काढायचं ते प्रिंटरला सांगणाऱ्या भाषेतली फाइल, तयार करते आणि ती पुढे प्रिंटरच्या रांगेत सोडते. सेटिंग प्रिंटऑप्शन्समध्ये असतात, म्हणजे कागद, समास, ओळींचे नंबर, पाठपोट वगैरे, आणि कागद सांगितलाच नाही तर विम ए४ धरतं. इंग्रजी कोडसाठी झकास आहे. मराठीला उपयोग नाही. त्याचा ठरलेला फॉन्ट कुरियर, आणि पोस्टस्क्रिप्टच्या वाटेने जाताना मोठ्या लिप्यांपैकी चिनी, जपानी, कोरियन यांचीच सोय केलेली आहे. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही, 'कि' टाइप करताना क आधी येतो पण कागदावर वेलांटी आधी काढावी लागते, आणि 'वारकऱ्यांची' मधला तो अर्धा र तर आपला खास, तो नीट जुळवून देणारं काहीतरी मध्ये लागतं. ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि क्रोम नि फायरफॉक्स दोन्ही तीच वापरतात. हे कळलं आणि रस्ता सापडला, की एडिटरने थेट प्रिंट काढायचीच नाही, ब्राउझरकडे द्यायची.

मॅकवाल्यांसाठी अजून एक. मॅकओएसच्या सोनोमा आवृत्तीपासून पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ करून देण्याची सोय सिस्टिममधून काढलेली आहे, त्यामुळे घरातला साधा लेझर प्रिंटर स्वतः पोस्टस्क्रिप्ट समजणारा नसेल तर तो जुना रस्ता तिथे तसाही बंदच.

आता पानं का बदलली ते. ऑफिसवाल्या मुलाच्या मशीनवर कागद लेटर साइझला लावलेला होता. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर म्हणजे साधारण २१६ बाय २७९. उंचीत अठरा मिलिमीटर कमी, म्हणजे आमच्या अक्षरांच्या मापाने पानामागे दोन-तीन ओळी गेल्या, आणि त्या गेलेल्या ओळी साठत साठत शेवटी तीन पानं वाढतात. ट्रेमध्ये कागद ए४च असतो त्यामुळे हातात घेऊन कुणाला काही वेगळं जाणवत नाही. दुसरं कारण फॉन्ट. विंडोजवर देवनागरी निर्मला किंवा मंगलमध्ये येते, मॅकवर कोहिनूर, माझ्याकडे नोटो. तिघांची अक्षरांची रुंदी वेगळी, वरच्या रफारापासून खालच्या उकारापर्यंतची उंची वेगळी, मग ओळ वेगळीकडे तुटणार आणि पान वेगळीकडे संपणार.

म्हणून मी आधी तिन्ही मशीनवर एकच फॉन्ट टाकला, 'मुक्त' नावाचा. फॉन्ट बनवणाऱ्या, आपल्या मुंबईतल्याच 'एक टाइप' या मंडळींनी केलेला आहे, फुकट आहे, आणि लहान मापातही जोडाक्षरं स्वच्छ दिसतात, ताईंनी चष्म्याशिवाय वाचून दाखवलं. मग विममध्ये टूएचटीएमएल कमांड. ती स्क्रीनवरचा मजकूर जशाच्या तसा वेबपेज करून देते. त्याआधी एचटीएमएल फॉन्टच्या सेटिंगमध्ये मुक्तचं नाव द्यायचं, प्री-रॅप चालू करायचं, कारण संवाद लांब असतात आणि हे केलं नाही तर ओळ कागदाच्या बाहेर निघून जाते, आणि बॅकग्राउंड लाइट करायचं. हे शेवटचं मी पहिल्या रात्री विसरलो, माझी स्क्रीन काळी असते, ब्राउझर मागचा काळा रंग छापत नाही पण रंगसंगती तीच राहते, आणि पात्रांची नावं इतकी फिकट आली की दिव्याखाली धरून वाचावी लागली.

तयार झालेल्या पेजच्या स्टाइलमध्ये हाताने एक ओळ घालायची, ॲट-पेज नावाच्या नियमात साइझ ए४ आणि मार्जिन वीस मिलिमीटर. डावीकडे मी तीस ठेवतो, ताईंच्या पेन्सिलसाठी. मग ब्राउझरमधून प्रिंटला जायचं, हेडर-फूटरची खूण चालू ठेवायची म्हणजे पान नंबर येतात, स्केल शंभर, आणि प्रिंटर न निवडता पीडीएफ म्हणून सेव्ह. बस्स. पान कुठे तुटायचं ते इथेच ठरून गेलं, फॉन्टही पीडीएफच्या आतच बसला, आता ती विंडोजवर उघडा नाहीतर मॅकवर, अकरावं पान ते अकरावंच. विंडोजवर छापताना फक्त फिटऐवजी ॲक्च्युअल साइझ घ्या, नाहीतर सगळं थोडं आकसतं आणि समासाचं माप चुकतं.

लिनक्स आणि मॅक दोघांच्या पोटात छपाईचं काम कप्स नावाचं सॉफ्टवेअर करतं. मायकेल स्वीटने लिहिलेलं, १९९९ मध्ये बाहेर आलं, मॅकने २००२ मध्ये घेतलं. त्यामुळे टर्मिनलमध्ये एलपी कमांड दोन्हीकडे सारखी चालते, मीडिया इक्वल ए४ आणि साइड्समध्ये टू-साइडेड लाँग-एज दिलं की पाठपोट, आणि एलपीऑप्शन्सने हेच कायमचं डिफॉल्ट करून टाकता येतं. एलपीस्टॅटने आधी प्रिंटरचं नाव बघून घ्या, दादाकडे एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी होत्या आणि त्याचे जॉब भलत्याच रांगेत अडकून पडत होते.

आणि हे कम्प्युटरचं नाही पण सांगतो, मुंबईत जुलैमध्ये उघडं ठेवलेलं रिम सादळतं. सादळलेला कागद लेझरमधून गरम होऊन गोल वळत बाहेर येतो आणि पाठपोटला दुसऱ्या फेरीत हमखास अडकतो. रिम वेष्टनातच ठेवायचं, लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये घालायची.

रविवारी घरी एक स्वच्छ प्रत काढली, दादाने त्याच्याकडे काढली, ऑफिसवाल्या मुलाने सोमवारी काढून फोटो पाठवला. तिन्ही एकावर एक ठेवल्यासारख्या. बाकीच्या प्रती दादर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडून करून घेतल्या. ताई आता जुन्या प्रतीतल्या पेन्सिलच्या खुणा नव्या पानांवर उतरवून घेतायत, काल रात्रीपर्यंत सात पानं झाली होती.