सुटलो, पण पान कुणी दडवलं?

बांधावरून भांडण झालं होतं, ते खरं. मी समोरच्याचं दगडानं डोकं फोडलं, हे मात्र खोटं. चार्जशीट कन्नडमध्ये. नववीतल्या भाचीनं बोट ठेवत ठेवत वाचून दाखवलं: कलम ३२४, म्हणजे घातक हत्यारानं दुखापत. सोबत दवाखान्याचा जखमेचा दाखला, त्यात 'मारहाण'.

वकीलसाहेबांची नजर दाखल्याच्या तारखेवर गेली. घटनेनंतर २२ दिवसांनी दिलेला. कोपऱ्यात एमएलसी नंबर, म्हणजे पोलीस केसच्या पेशंटची दवाखान्याच्या रजिस्टरातली नोंद. "म्हणजे पहिल्या रात्रीचं रजिस्टर हाय की. ते का लावलं नाही?"

सरकारी वकील म्हणाले, चार्जशीटला आहे तेवढंच मिळेल. जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम ९१ खाली, कोर्टानं कागद मागवावा म्हणून अर्ज दिला. दोन तारखा वाया, तिसऱ्याला मंजूर. दवाखान्याच्या क्लार्कनं बाजाराच्या पिशवीतून लांबोडकं रजिस्टर काढलं. निळ्या शाईत, डॉक्टरच्या अक्षरात: मोटरसायकलवरून पडून जखम, पेशंटनं स्वतः सांगितलेली. खाली त्याचा अंगठा. उलटतपासणीत तपास अधिकारी बोलून गेला, "हे पान मी सरकारी वकीलसाहेबांना दाखवलं होतं."

शेवटी लेखी युक्तिवादात आमच्या वकीलसाहेबांनी एक जादा परिच्छेद घातला: पान दडवल्याची नोंद निकालात व्हावी. मी म्हटलं, "सुटतोय न्हवं, कशाला डिवचायचं?" पुढं कळलं की सगळं त्यावरच अडतं. निकालात तशी ओळ नसली की 'कोर्टानं काही म्हटलेलं नाही' एवढ्यावर पुढच्या तक्रारीची फाईल मिटते. माझ्या निकालात दोन ओळी आल्या. सुटल्याचा कुंदा (खव्याची मिठाई) वाटायच्या आधी सर्टिफाइड कॉपीचा अर्ज टाकला.

जानेवारी २०१४ मध्ये गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना बजावलंय: आरोपी सुटला की चूक तपासाची की सरकार पक्षाची ते बघा, दोषी अधिकाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई करा. ते जोडून तक्रार केली. पोलीस आणि सरकारी वकील दोघांना मी एकाच अर्जात गुंडाळलं, तो 'आमच्या अखत्यारीत नाही' असा शेरा घेऊन परत आला. मग दोन वेगळे अर्ज केले. पोलिसाचा एसपींकडे, सरकारी वकिलांचा बेंगळुरूला अभियोग खात्याच्या संचालकांकडे. दोन्ही रजिस्टर पोस्टानं. पावत्या अजून पाकिटात आहेत.

भरपाईचंही विचारलं होतं. विनाकारण अटक करवल्याबद्दल कायद्यात जास्तीत जास्त १००० रुपये, तेही ज्यानं अटक करवली त्याच्याकडून. तारखांना जायचं एसटीचं भाडंच त्यापेक्षा जास्त झालंय!

चार महिने काही नाही. मग १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात विचारलं, माझ्या अर्जाचं काय झालं. पोलिसांकडून 'चौकशी चालू'. बेंगळुरूहून एका पानाचं कन्नड पत्र आलं. भाची आता पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे, चुलीपाशी बसून वाचलं तिनं. "मामा, त्या वकिलांकडून लेखी खुलासा मागवलाय म्हणतात."

खुलाशाची नक्कल मागणारा अर्ज सोमवारी टाकला.