मुलीच्या जुलाबांचं कारण शोधताना : माझा अनुभव

माझ्या 6 वर्षांच्या मुलीला 11 दिवस पाण्यासारखे जुलाब होत होते आणि शौचाच्या दोन्ही रिपोर्टांत 'काही आढळले नाही' एवढंच होतं. तो राग अजून गेलेला नाही.

आमचं घर राधानगरीच्या जंगलाला लागून. झऱ्याचं पाणी पाइपनं टाकीत येतं. त्याच झऱ्यावर गवे येतात, आमच्या म्हशीही. पहिल्या रिपोर्टनंतर आठवड्याभराच्या दोन रेडकांना हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना बघितलं आणि विचारलं, "घरात कुणाला जुलाब आहेत का?" क्रिप्टोस्पोरिडियम हे जुलाब लावणाऱ्या परजीवीचं नाव त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिलं.

ती चिठ्ठी घेऊन शहरातल्या लॅबच्या खिडकीवर गेलो. "जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही." परत गाव. मुलीच्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं, पुन्हा दोन तासांची एसटी. आता खिडकीवर म्हणे, फॉर्मवर ही तपासणी नाही, रुटीनमध्येच दिसेल. दिसणार कुठून? या परजीवीचे सिस्ट, म्हणजे शौचातून बाहेर पडणारं त्याचं कवचातलं रूप, 4 ते 6 मायक्रॉनचे, साध्या तपासणीत सहज निसटतात. मॉडिफाइड ॲसिड फास्ट स्टेन (नमुना रंगवून बघायची खास पद्धत) केला तरच गुलाबी-लाल उठून दिसतात. तिसऱ्या फेरीला खिडकी सोडली आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमना भेटायचंच म्हणून दीड तास बाकावर बसलो. चिठ्ठी वाचून त्यांनी लगेच नमुना आत मागवला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : आढळले. मी बाहेर येऊन रडलो.

म्हणून सांगतो, खिडकीवर वाद घालू नका, थेट पॅथॉलॉजिस्टना भेटा. चिठ्ठीवर स्टेनचं नाव पूर्ण लिहून घ्या. एका नमुन्यावर थांबू नका, वेगवेगळ्या दिवशी तीन द्या.

औषध आणि ओआरएसनं पोरगी सावरली.

टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, पडते म्हणून मी निर्धास्त होतो. पण क्लोरीनला हा परजीवी दाद देत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे 4 लाख लोक आजारी पडले होते. पाणी खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळत ठेवायचं. म्हशींसाठी आता गोठ्यातच हौद बांधलाय. रेडकांना हात लावला की साबणानंच हात धुवायचे, सॅनिटायझर इथे कामाचा नाही.

आणि हो, जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे मुलीला विहिरीत पोहायला सोडलं नाही. तेवढे दिवस सिस्ट बाहेर पडत राहू शकतात.