ग्रीन टी सुरू करू का? तुम्ही विचारलंत म्हणून

'मॅडम, ग्रीन टी सुरू करू का? भरपूर अँटिऑक्सिडंट असतात म्हणे त्यात.' ठाण्यातल्या नौपाड्यात आहारसल्ल्याचं काम सुरू केलं तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. उपवन तळ्याकाठी चालताना ओळखीचं कुणी भेटलं, तरी तब्येतीची चौकशी झाली की ग्रीन टी निघतोच. उभ्या उभ्या उत्तर दिलं की अर्धंच पोहोचतं, म्हणून आज नीट लिहिते.

आवडत असेल तर जरूर घ्या. पण जेवणावर घेऊ नका, आणि त्याच्या भरवशावर ताटातली भाजी कमी करू नका.

अन्नापासून ऊर्जा तयार होताना पेशींमध्ये काही अस्थिर रेणूही तयार होतात. त्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून उरलेला असतो, आणि ती जोडी पुरी करायला ते शेजारच्या रेणूंवर तुटून पडतात. हे फ्री रॅडिकल्स. सिगारेट, गाड्यांचा धूर, कडक ऊन यांनी ते वाढतात. त्यांना आवर घालतात ते अँटिऑक्सिडंट. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पण हे काम मुख्यतः शरीर स्वतः बनवलेल्या एन्झाइम्सकडून करून घेतं. त्यांना जस्त, तांबं, मँगनीज, सेलेनियम लागतं. कॅटलेज नावाच्या एन्झाइमच्या तर गाभ्यातच लोह असतं. शिवाय फ्री रॅडिकल्स सगळेच वाईट असंही नाही. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. त्यामुळे अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितकं बरं, हे समीकरण जुळत नाही.

ते माणसांवर तपासूनही झालं आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. गाजर-भोपळ्यातून पोटात गेलं की ज्याचा काही त्रास नसतो, तेच गोळीतून मोठ्या मात्रेने दिल्यावर अंगाशी आलं. म्हणून 'अँटिऑक्सिडंटची गोळी चालेल का' असं कुणी विचारलं, तर डॉक्टरांनी कारण सांगून दिलेली नसेल तर नको, असं मी स्पष्ट सांगते.

आता ग्रीन टी. आपल्या रोजच्या चहाचंच हे झाड. पानं खुडल्यावर लगेच वाफ देऊन किंवा कढईत परतून त्यांची काळी पडण्याची क्रिया थांबवली की झाला ग्रीन टी. त्यामुळे त्यात कॅटेचिन्स नावाचे अँटिऑक्सिडंट टिकून राहतात. ही चांगली द्रव्यं आहेत, यात शंका नाही. जपानमधल्या ओसाकी भागात ४० हजारांवर लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दिवसाला पाच किंवा जास्त कप घेणाऱ्यांत हृदयरोग-पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले, कर्करोगाच्या बाबतीत मात्र तसा फरक आढळला नाही. अर्थात ती माणसं मासे, सोयाबीन, भाज्या खाणारी. त्यातलं श्रेय एकट्या कपाला देता येत नाही. आणि वजनाचं म्हणाल, तर वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा ग्रीन टीने होणारी घट इतकी किरकोळ निघाली की तिला वैद्यकीयदृष्ट्या महत्त्व नाही. पोट कमी करण्यासाठी कडू तोंड करून पीत असाल, तर खुशाल सोडा.

खरी काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. कळव्याहून बँकेत जाणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. थकवा, जिने चढताना धाप, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. डब्यात पोळी, पालेभाजी, उसळ. नाव ठेवायला जागा नव्हती. मग विचारलं, जेवणानंतर काय घेता? डबा बंद केला की ऑफिसातल्या सगळ्याजणी मिळून ग्रीन टी घेतात, पचनाला बरा म्हणून. सकाळी पोह्यांबरोबर चहा होताच.

पालेभाजीतलं, कडधान्यातलं लोह आधीच कमी शोषलं जातं. त्यावर लगेच चहा घेतला, हिरवा असो की दुधाचा, तर त्यातले पॉलिफेनॉल्स (कॅटेचिन्स त्यांतलेच) आतड्यात त्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात पोहोचायच्या आधीच बाहेर पडतं. ज्या द्रव्यांसाठी आपण ग्रीन टी घेतो, तीच हे करतात. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आढळलं. सोसायटीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायका डोळ्यांसमोर आणा, निम्म्याहून जास्त. अशा बाईला भरल्या पोटी लगेच ग्रीन टी प्या असं सांगणं मला पटत नाही.

ताईंना मी ग्रीन टी सोडायला लावला नाही, चार वाजता घ्यायला सांगितला. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर पडलं तरी हा अडथळा बराच कमी होतो. आणि डब्यात लिंबाची फोड. क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. पानात मिठाशेजारी लिंबू वाढायची आपली रीत किती मोलाची आहे! पुढे त्यांचं हिमोग्लोबिन वाढलं. डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्याही चालू होत्या, तेव्हा सगळं श्रेय वेळ बदलण्याला मी देणार नाही. पण त्या गोळ्याही चहाबरोबर घेऊन चालत नाहीत, हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

अँटिऑक्सिडंटच हवे असतील तर गावदेवी मंडईत किंवा जांभळी नाक्यावर चक्कर मारा. मे महिन्यात येऊरच्या बायका करवंदं-जांभळं घेऊन बसतात. बोटं जांभळी करणारा तो रंग अँथोसायनिन्स या अँटिऑक्सिडंटचा. कोकमाचा लालही त्याच घराण्यातला. पावसाळ्यात टाकळा येतो, कंटोळी येतात. थंडीत आवळे: शंभर ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व. पेरूही संत्र्याला मागे टाकतो. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन हे अँटिऑक्सिडंट तेलात शिजवल्यावर जास्त अंगी लागतं, म्हणजे आपलं टोमॅटोचं सार फोडणीसकट उत्तम. कांदा, हळद, नाचणी तर घरातच आहेत. ग्रीन टीच्या महागड्या डब्याऐवजी त्या पैशांत आठवड्याची फळं येतात, आणि ती मुलंही खातात.

तरीही ग्रीन टी आवडतो, त्यांच्यासाठी. खळखळत्या पाण्यात पानं टाकू नका, कडवट होतात. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग पानं घाला, दोन-तीन मिनिटांनी गाळा. लिंबू पिळा, दूध नको. दिवसाला दोन-तीन कप पुष्कळ. झोप कमी असेल तर संध्याकाळनंतर नाही, कारण कॅफीन यातही आहे. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबरच घ्या, चहा नंतर. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल हा मात्र वेगळा मामला आहे. एका कपात असतं त्याच्या कितीतरी पट कॅटेचिन त्यांत भरलेलं असू शकतं, आणि दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) अशा पूरक गोळ्यांतून गेल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणं दिसू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं आहे. जिममधून कुणी अशी बाटली दिली असेल, तर पुढच्या खेपेला येताना ती बरोबर घेऊन या. लेबल आपण एकत्र वाचू.