तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रंकभर गाड्या एकगठ्ठा द्याव्यात का?

“खेळण्यातल्या जुन्या रेल्वेगाड्यांच्या चार ट्रंका माळ्यावर आहेत. एकगठ्ठा देऊन मोकळं व्हावं की एकेक विकावी? आणि येतील किती?” सोलापूर हे रेल्वेचं गाव, तेव्हा हा प्रश्न यायचाच. उत्तर मात्र उलट्या टोकानं द्यावं लागतं: आधी यादी, मग भाव, आणि एकगठ्ठा की सुटं ते सगळ्यात शेवटी.

त्याआधी एकच विनंती, पुसत बसू नका. पत्र्यावर छापलेला रंग थिनरनं किंवा रॉकेलनं निघून येतो. पितळी घुमट चिंचेनं घासून लखलखीत केला की जाणत्या गिऱ्हाइकाच्या लेखी नगाची किंमत उतरलीच. मऊ ब्रशनं धूळ झटका, बस्स. खोक्यावरचा जुना सेलोटेपही ओढू नका, कागद सोलून बाहेर येतो. चावीचं इंजिन असेल तर चालतंय का बघायला पूर्ण चावी देऊ नका. आतलं ग्रीस वाळून गोंद झालेलं असतं.

यादीत नगाला नंबर, कंपनी, गेज, तळाशी काय छापलंय, कपलिंग (डबे जोडणारा आकडा) कसलं, मूळ खोकं आहे का, काय तुटलंय आणि फोटोचा नंबर एवढं हवं. नगाला चार मिनिटं धरली तरी 300 नगांना 20 तास लागतात. एका रविवारचं काम नाही हे.

गेज म्हणजे रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. ‘ओ’ 32 मिमी, ‘ओओ’ आणि ‘एचओ’ दोन्ही 16.5, ‘टीटी’ 12, ‘एन’ 9. पण 16.5 भरलं म्हणून सगळं एकाच रुळावर धावत नाही. हॉर्नबी डब्लो ही ब्रिटिश खेळण्यातली गाडी 1938 साली आली ती तीन रुळांची, दोन रुळांवर आली 1959 मध्ये. तीन रुळांचं इंजिन दोन रुळांवर ठेवलं की त्याच्या धातूच्या चाकांमधूनच शॉर्ट होतं. जर्मन मार्कलिन कंपनीची एचओ तर एसीवर चालते, डब्लो 12 व्होल्ट डीसीवर. यादीत हे चुकलं तर माल परत येतो, आणि परतीचं भाडं तुमच्या गळ्यात.

आता ज्यानं खरं नुकसान होतं ते. साधं लोहचुंबक घ्या. पत्र्याला चिकटेल. जिथं चिकटत नाही आणि हाताला जड लागतं, तो भाग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव. त्यावर टॉर्च तिरपी धरून भिंगातून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, फुगलेली कड, चाकाच्या आऱ्यांमधली चीर दिसली तर ती झिंक पेस्ट. इथं पेस्ट म्हणजे लेप नव्हे, कीड. ओतताना मिश्रणात शिसं मिसळलं गेलं की धातू आतल्या आत गंजतो, फुगतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरतो. महायुद्धाआधीच्या मालात हे जास्त. उपाय नाही. एका नगाची दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा घाबरून सगळंच फेकायला जाऊ नका. चाकं नवी घालता येतात, त्यात गैर काही नाही, फक्त ‘चाकं बदललेली’ असं यादीत लिहा. फुगलेली बॉडी मात्र जशी आहे तशीच दाखवून विका.

जुना ट्रान्सफॉर्मर भिंतीच्या प्लगमध्ये घालून बघायचा मोह आवरा. वायरीवरचं रबर चुरलेलं असतं, शिवाय अमेरिकन लायोनेलचा ट्रान्सफॉर्मर 110 व्होल्टचा, आपल्या 230 वर तो जळणारच. डब्लो तपासायला 12 व्होल्टचा, करंटला मर्यादा घालता येणारा डीसी सप्लाय आणा, मर्यादा 1 अँपिअर. चाक फिरलं नाही तर थांबा, व्होल्ट वाढवत बसू नका.

भावाकडे येऊ. लोक मागतात तो भाव नव्हे, प्रत्यक्ष विकलं गेलं तो भाव बघायचा. समजा सुट्या विक्रीची बेरीज 3 लाख आली. एकगठ्ठा घेणारा तेवढे देणार नाही, आणि तेवढ्यावरून तो लबाड ठरत नाही. तपासणं, फोटो, पॅकिंग, शंभर शंकांना उत्तरं, यात नगामागे तास गेला तर 300 तास त्याचे जातात. निम्म्याच्या आसपास बोली आली तर राग मानू नका. पावपट आली तर चहा पाजून निरोप द्या. सगळ्यात वाईट सौदा म्हणजे “ही दहा इंजिनं आत्ता देतो का, बाकीचं पुढच्या वेळी बघू.” ती पुढची वेळ येत नाही, आणि इंजिनाविना वाघिणी (मालडबे) कुणी विचारत नाही. म्हणून मला मधला मार्ग बरा वाटतो. सात-आठ गठ्ठे करा, प्रत्येकात एक चांगलं इंजिन, त्याला शोभणारे डबे आणि थोडे रूळ. रूळ जड आणि स्वस्त, त्यांची किंमत पार्सलच्या खर्चातच जाते, तेव्हा ते उचलून नेणाऱ्यालाच द्या.

घेणाऱ्यांनाही एक सांगतो. “हा कचरा राहू द्या” म्हणून बाजूला सारलेलं खोकं आधी मागा. चाव्या, कपलिंगं, सिग्नलचे हात त्यातच असतात.

सोलापूरच्या उन्हाची गोष्ट वेगळीच. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली प्लास्टिकच्या जुन्या बॉड्या केळ्यासारख्या वाकतात, रबरबँड वितळून खोक्याला चिकटतात. डांबरगोळ्या तर आजच काढा, त्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरीन मऊ पडतं. पॅक करताना आधी पांढरा टिश्यू कागद, मग बबल रॅप, नाहीतर गरमीत बुडबुड्यांचे ठसे रंगावर उमटतात. खोक्यात पोकळी भरायला जुनी सोलापुरी चादर उत्तम, टर्किश टॉवेल नको, त्याच्या फंद्यांत इंजिनाचे दांडे अडकून वाकतात. जड इंजिनं खाली, पत्र्याच्या वाघिणी वर, खोकं 12 किलोच्या आत. गिऱ्हाईक पुण्याचं असेल तर चांगली दोन-चार इंजिनं पार्सलनं न पाठवता हुतात्मा एक्स्प्रेसनं मांडीवर न्या.

माल वारशाचा असेल तर भावंडांची लेखी संमती आधी घ्या. पावतीला यादी जोडा, पैसे बँकेतून. 100 वर्षांपेक्षा जुना नग परदेशी चालला असेल तर पुरातत्त्व खात्याकडे चौकशी केल्याशिवाय हलवू नका.

आणि बार्शी लाइट, म्हणजे बार्शीची जुनी अरुंद रुळांची (नॅरोगेज) रेल्वे. हेही नेहमी विचारलं जातं. हॉर्नबी-मार्कलिनच्या छापील खोक्यात ती मिळायची नाही. ट्रंकेत ‘बार्शी लाइट’ लिहिलेला डबा निघाला तर तो कुणीतरी हातानं केलेला किंवा रंगवलेला समजा. कुर्डुवाडीला नॅरोगेजचं वर्कशॉप होतं, तिथल्या एखाद्या कारागिराचा हातही असू शकेल. गठ्ठ्यात घालू नका. वेगळा ठेवा, आणि कुणी केला ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला या आठवड्यातच विचारा.