तुम्ही विचारलंत म्हणून: नटवालेच कामून?

पाव्हण्यारावळ्यांपासून ते काट्यावर येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरपर्यंत सगळे मला एकच विचारतात, की घरी व्यायाम सुरू करायचाय, ॲडजस्टेबल डंबेल कोणते घेऊ. मी म्हणतो, नटवाले घ्या, साधे, रॉडवर प्लेटा चढवून दोन्हीकडून नट आवळायचे. की लगेच दुसरा प्रश्न येतोच, "तुमच्याकडं तर ते डायल फिरवायचे होते ना भाऊ, तेवीस हजाराचे? मग ते सोडून हे जुनाट कामून?" आजपर्यंत या दुसऱ्या प्रश्नाला मी वेगवेगळी उत्तरं दिलीत. एकाला सांगितलं डायलवाले लांबीला जास्त आहेत, एकाला सांगितलं सर्व्हिसिंगची बोंब आहे, मेहुण्याला सांगितलं विकून टाकले. विकलेले नाहीत. आज एकदाच सगळं लिहून ठेवतो म्हणजे पुन्हा विचारलं की हेच पाठवून देईन.

मी जालन्यात एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर बसतो. त्यामुळं लोकांना वाटतं की ज्याचं पोटच वजनावर चालतं त्याला डंबेलातलं कळत असणार. काही जण तर म्हणतात, तुमच्या काट्यावरच मोजून बघायचे की. अरे बाबांनो, तो ६० टनाचा काटा आहे, १० किलोच्या खालचं त्याला दिसतच नाही, त्याच्यावर डंबेल ठेवला काय आणि चिमणी बसली काय, त्याला सारखंच.

पण हिशोब मात्र येतो, तो सांगतो. नटवाल्या डंबेलाचा रॉड साधारण १४ इंची असतो, म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटर. आमच्याकडं सळईचं वजन काढायचं सूत्र पोरासोरांना पाठ आहे, मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते आलं. २५ मिमीचा भरीव गज म्हणजे ६२५ भागिले १६२, मीटरला ३.८५ किलो, आणि १४ इंचाला १.३७. आटे पाडलेत म्हणून थोडं कमी धरा. आता माझ्या पहिल्या नटवाल्या जोडीचा रॉड गल्लीतल्या किराणा दुकानात मोजला तर भरला ८२० ग्रॅम. म्हणजे आतून पोकळ. पाइपाला क्रोम मारून विकला होता. दुकानदाराकडं घेऊन गेलो तर तो म्हणतो, "साहेब, हात रॉड धरतो, रॉडचं वजन कोण बघतं." मी बघतो. मग एमआयडीसीत एका ओळखीच्या लेथवाल्याकडून दोन भरीव रॉड करून घेतले, मधे नर्लिंग (खरबरीत जाळी) मारून, म्हणजे घामानं हात सटकत नाही. रॉड आणि चार-चारशे ग्रॅमचे दोन नट मिळून दोन किलोच्या वर जातंच, हे लोक धरतच नाहीत आणि मग म्हणतात मी दहाचा मारतो.

प्लेटांचं थोडक्यात सांगतो. प्लॅस्टिकच्या आवरणात सिमेंट-वाळू भरलेल्या घेऊ नका, सिमेंट लोखंडाच्या तिपटीनं जागा खातं, दहा किलोतच डंबेल गाडीच्या चाकाएवढा होतो आणि मांडीला घासतो. बिडाच्या घ्या (जिल्हा नाही, धातू). छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, माझ्याकडची ५ ची एक प्लेट ४ किलो ६४० भरली, दुसरी ५ किलो १०० भरली, आणि दुकानदारानं दोन्हीचे पैसे किलोवर, छापलेल्या आकड्यानं घेतले. भोक २५ मिमीचं का २८ चं ते विचारा, २५ च्या रॉडवर २८ ची प्लेट खुळखुळते. आणि अर्ध्या किलोच्या चार प्लेटा आवर्जून घ्या, नाहीतर सव्वा-सव्वाच्या दोन्हीकडं लावल्या की एकदम अडीच किलोची उडी बसते, खांद्याच्या व्यायामाला ती झेपत नाही. झालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

दुसऱ्याचं अवघड आहे.

डायलवाल्यांना मी नावं ठेवतो असं तुम्हाला वाटत असेल तर ऐका, ते मला फार आवडायचे. २०२० मधे जिम बंद झाल्या त्या थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या, तोवर माझी उपाशीपोटी शुगर ११८ वर येऊन बसली होती. डॉक्टर म्हणले, डायबेटिस झालेला नाही पण वाटेवर आहात, नुसतं चालून भागणार नाही, वजन उचला, स्नायू साखर खातात. घरात वडलांना, बापूंना, आधीच अकरा-बारा वर्षांची शुगर, तेव्हा मला त्या वाटेचा शेवट रोज समोर खुर्चीवर बसलेला दिसायचा. २०२१ च्या दिवाळीला बोनस आला आणि मी ते २४ किलोपर्यंत जाणारे डायलवाले मागवले. बायको म्हणली, तेवीस हजारात फ्रिज आला असता. खरं होतं. पण दहा बाय बाराच्या बाहेरच्या खोलीत, दिवाणाच्या खाली दोन ट्रे सरकवून ठेवायचे, दोन सेकंदात डायल फिरवला की हव्या तेवढ्याच प्लेटा अडकून वजन बदललं. नटवाल्याला चार नट काढा, प्लेटा चढवा, पुन्हा आवळा, यात अंग थंड होतं. एक वर्ष, तीन महिने मी नियमानं केलं. शुगर ९९ वर आली होती. ती त्या डायलच्याच जोरावर आली हे मी आजही नाकारत नाही.

मग २०२३ चा फेब्रुवारी. एका शनिवारी सेट चालू असताना काट्यावरून फोन आला, दोन ट्रक एकदम लागलेत, बिलावरून भांडण झालंय. मी उजवा डंबेल खाली ठेवायच्या ऐवजी सोडला. गुडघ्याइतक्या उंचीवरून असेल, जास्त नाही. खाली शहाबादी फरशी, चटई सरकलेली. लोखंडाचा आवाज आला त्यात एक बारीक 'टक्' असा आवाज होता, पापड मोडल्यासारखा. फोन झाल्यावर पाहिलं तर डायलच्या मागं केसाएवढी चीर. ट्रेमधे ठेवून फिरवून बघितला, सगळ्या आकड्यांवर बसायचा, फक्त बाहेरची प्लेट जरा हलायची. हाताला कळत होतं. मी कान लावून हलवून बघितला, दोनदा. आणि स्वतःला म्हणलं, एवढं हलतंच.

आठ दिवस वापरला तसाच.

दुसऱ्या रविवारी सकाळी बापू दाराजवळच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होते. रोजचीच जागा, तिथं ऊन येतं. मी स्टुलावर बसून खांद्याचा मारत होतो, साडेतेरा किलोवर (हे वजन असं विचित्र असतं कारण त्यांचे आकडे मुळात पौंडातले, ३० पौंड). तिसऱ्या वेळी हात वर गेला आणि उजवा हात एकदम हलका झाला. वजन हलकं होणं हे चांगलं वाटतं हो क्षणभर. मग आवाज. प्लेट आधी फरशीवर आपटली असं मला वाटलं, कारण बापू काहीच बोलले नाहीत. ते खाली बघत होते, हातात मेथीची जुडी तशीच. मी म्हणलं, लागलं का? ते म्हणले, "काही नाही, काही नाही, चाटून गेली." तेवढ्यात बायको आतून आली आणि तिनं बापूंच्या डाव्या पायाकडं बघून मेथीचं ताट लाथेनं बाजूला सारलं. अंगठ्याचं नख उभं राहिलं होतं. रक्त देठांत मुरत होतं.

ते ओरडले नाहीत याचं गल्लीत कौतुक झालं, म्हातारा दमाचा आहे म्हणले. दमाचे आहेतच, २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीची बाग वाळली तेव्हा स्वतः कुऱ्हाड घेऊन तोडली त्यांनी, तेव्हाही बोलले नव्हते. पण इथं तसं नव्हतं. डॉक्टरांनी पायाला टाचणी लावून विचारलं, कळतं का, तर बापू माझ्या बायकोकडं बघायला लागले, जसं काही उत्तर तिच्याकडं आहे. शुगरनं पायाच्या नसा गेलेल्या होत्या. त्यांना खरंच 'चाटून गेल्यासारखं' वाटलं होतं. एक्स-रेत हाड तडकलेलं निघालं. डॉक्टर म्हणले, हाडाचं काही नाही हो, जखमेचं बघा, काळी पडायला लागली तर लगेच या, आणि पुढचं बोलले नाहीत.

पाच महिने. एक दिवसाआड ड्रेसिंग. मी रोज रात्री मोबाइलच्या उजेडात अंगठ्याचा रंग बघायचो. बापू टीव्ही बघत बसायचे आणि पाय माझ्या मांडीवर. जुलैत जखम भरली. अंगठा राहिला. नख मात्र वेडंवाकडं आलं, बूट चालत नाही, वर्षभर उघडी चप्पल.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. कंपनीला फोन केला तेव्हा पलीकडच्या पोरीनं पहिला प्रश्न विचारला, "सर, प्रॉडक्ट कधी खाली पडलं होतं का?" मी म्हणलं, नाही. एवढा एकच शब्द. तिनं लिहून घेतला, फोटो मागवले, आणि पंधरा दिवसांत नवा कोरा डंबेल घरी आला, वर सॉरीचं पत्र. माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय की आपटू नका, पडला तर वापरू नका. मी वाचलं होतं. बायकोला, बहिणीला, मिलमधे सगळ्यांना मी सांगितलं की माल खराब निघाला. आणि एकदा सांगितलं की मग तेच खरं होत जातं, दोन वर्षांत मला स्वतःलाच तो 'टक्' आवाज पुसट झाला होता.

मग २०२५ च्या जूनमधे अमेरिकेत बोफ्लेक्सचे ५५२ आणि १०९० हे डायलवाले परत बोलावले, सुमारे ३८ लाख डंबेल, उचललेले असताना प्लेट निसटते म्हणून, आणि शंभरावर लोकांना लागल्याच्या तक्रारी होत्या. ती बातमी मला एका दिवसात सहा जणांनी पाठवली. "भाऊ, तुमचं खरं निघालं!" माझे त्या कंपनीचे नव्हतेच, दुसरेच होते, पण कोण ऐकतंय. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी सहाही जणांना अंगठा दाखवला. मोबाइलवरचा.

आता तुम्ही म्हणाल, मग डायलवाले चांगलेच की, चूक तुझी. मी हे स्वतःशी खूप भांडलोय. चूक माझी, मान्य. पण घरात वापरायची वस्तू गुडघ्याएवढ्या उंचीवरून एकदा पडली तर तिनं बाहेरून धड दिसत आतून मोडावं का? नटवाला शंभरदा पडलाय, फरशी फुटली, त्याला काही झालं नाही. त्यावर २०२१ चा मी म्हणतो, लेका, तुला चीर दिसली होती, हाताला कळलं होतं, ती वस्तू काही लपवत नव्हती, लपवत तू होतास. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. आणि नटवाले काय फार साधूसंत आहेत असं नाही, हात फिरतो तसा नट ढिला होतो, आतला रबर झिजला की सेट संपेपर्यंत एक आटा बाहेर. दर सेटला चारही नट आवळून बघावे लागतात, एक दिवस विसरलो की तीच गत. खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच वापरतो. दर वेळी हातानं आवळावं लागतं म्हणून. शुगर परवा १०९ आली, वेळ जास्त जातो तर व्यायाम कमी होतो, तेही आहेच.

बापू अजून त्याच खुर्चीत बसतात. मी म्हणलं होतं, आतल्या खोलीत बसा, तर म्हणले ऊन इथं आहे. फक्त मी नट आवळायला लागलो की पाय खुर्चीखाली घेतात. त्या शनिवारी डंबेल पडला तेव्हा ते घरातच होते, मागच्या खोलीत. ऐकू चांगलं येतं त्यांना.

तर तो बदलून आलेला डंबेल आणि त्याचा डावा जोडीदार, दोन्ही माळ्यावर आहेत, एक तर खोक्यातून बाहेरही काढलेला नाही. भाच्याचं कॉलेज सुटलंय, त्याला बॉडी करायचीय. गेल्या आठवड्यापासून तीनदा फोन आला, "मामा, नुसते पडून आहेत तर द्या ना, मी येऊन घेऊन जातो." तो नीट वापरेल. वस्तू चांगली आहे. बहिणीच्या घरी चार वर्षांची नात असते, दिवसभर जमिनीवर खेळत. त्याला हे सगळं सांगून द्यावेत का न सांगता नाही म्हणावं हे काही ठरत नाही, आणि आज सकाळी पुन्हा त्याचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही.