रबाळ्याचं छप्पर, समोरचं ऊन आणि फोमचा तुकडा

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत एका जुन्या शेडचं छप्पर ड्रोननी तपासायचं काम आलं होतं. ऑक्टोबरातला रविवार, कारखाना बंद, आणि अट एकच, साडेदहाच्या आत आटपायचं कारण त्यानंतर डिस्पॅचच्या गाड्या आवारात लागणार. दुपारचं तर विचारूच नका, परतीच्या पावसाचे ढग तीन वाजले की पारसिकच्या डोंगरामागनं चढायचे. पावसाळाभर शेडमध्ये पाणी टपकत होतं, मशीनवर ताडपत्र्या टाकून लोकांनी दिवस काढले होते, आणि दिवाळीच्या सुट्टीत रिपेअर करायचं ठरलेलं. आता माणसं वर चढणार म्हणजे कुठल्या पत्र्यावर पाय द्यायचा आणि कुठल्यावर अजिबात नाही, हे आमच्या फोटोंवरून ठरणार होतं.

ज्यांनी असं छप्पर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या शेडला आत उजेड यावा म्हणून लोखंडी पत्र्यांच्या मधेमधे फायबरचे पत्रे टाकलेले असतात. नवे असताना ते लगेच ओळखू येतात, पण वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते कडक आणि ठिसूळ होतात, वर धूळ-शेवाळ बसतं, कुणीतरी डांबराचं ठिगळ लावतं आणि मग वरून बघितलं तर बाजूचा पत्रा कुठला आणि फायबर कुठला कळत नाही. माणूस पाय ठेवतो आणि थेट खाली, तीसेक फुटांवरून सिमेंटच्या कोब्यावर. अशी माणसं गेलेली आहेत, एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून छपराच्या कामात धूसर फोटो मला चालत नाही, लग्नाच्या व्हिडिओत उन्हाचे गोळे छान दिसत असतील, इथे ते जिवावर बेततं.

कागदपत्रं नीट होती. आमचा ड्रोन मायक्रो वर्गातला, म्हणजे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोच्या आत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं ते माझ्याकडे आहे, आणि निघण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटच्या नकाशावर झोन, म्हणजे तिथे उडवायची मोकळीक आहे का, ते बघून घेतलं होतं. नवी मुंबईत आता विमानतळ सुरू झाल्यापासून हे दरवेळी नव्याने बघावंच लागतं.

गेटवर वर्क परमिट बनेपर्यंत सूर्य डोंगराच्या वर आला. पहिली बॅटरी लावून ड्रोन वर नेला आणि स्क्रीनवर जे दिसलं ते बघून माझा आतेभाऊ, जो माझ्याबरोबर स्पॉटर म्हणून, म्हणजे ड्रोनवर नजर ठेवायला असतो, तो म्हणाला, "ताई, हे धुकं आहे का?" धुकं नव्हतं. सगळं चित्र दुधाळ झालेलं, काळं म्हणून काही उरलंच नव्हतं, एका कोपऱ्यात जांभळट-हिरवे गोळे, आणि वरच्या भागात करड्या पट्ट्या थरथरत होत्या. आणि भरीला सोलर पॅनेलच्या रांगा आणि कोरे पत्रे असे चमकत होते की त्यांच्या आजूबाजूचं सगळं पांढरंफटक.

सूर्य पाठीशी घेऊन का नाही उडवलं असं कुणीही विचारेल, आणि बरोबरच आहे, पहिला उपाय तोच. पण शेडच्या पूर्वेला हाय टेन्शन लाईन गेलेली, तिकडे मी ड्रोन नेत नाही म्हणजे नाहीच. पश्चिमेकडून पूर्वेला बघतच शूट करायचं होतं, कॅमेरा साधारण ३५ अंश खाली झुकवून, आणि सूर्य समोर क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांवर. तो फ्रेममध्ये नव्हता, पण लेन्सच्या काचेवर तिरका पडत होता, आणि तेवढं पुरतं. ऊन काचेत शिरतं, लेन्सच्या आतल्या भिंगांमध्ये इकडून तिकडे आपटतं आणि सगळ्या चित्रावर पसरतं. पट्ट्या पडतात त्या पंख्यांमुळे, सूर्य आणि लेन्सच्या मधून पाती फिरतात आणि तेच ऊन कापलं जातं.

इथे एक छोटी टेस्ट आहे, पैसे लागत नाहीत. ड्रोन खाली उतरवून पंखे काढून घेतले, कॅमेरा चालू ठेवला, आतेभावाला ड्रोन हातात धरून त्याच दिशेला तोंड करायला सांगितलं आणि मी माझा तळहात लेन्सच्या वर आडवा धरला, फ्रेममध्ये येणार नाही असा. धरला की झटकन चित्र साफ, काळं काळं दिसायला लागलं. काढला की परत दूध. स्क्रीनवर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती ते दाखवणारा आलेख, चालू असेल तर अजून स्पष्ट कळतं, ऊन आत आलं की डावीकडची बाजू रिकामी होते, हाताची सावली आली की भरते. पण पॅनेलवरची आणि पत्र्यावरची चमक? ती हात धरूनही जशीच्या तशी. म्हणजे दोन वेगळे रोग होते. एक ऊन थेट लेन्सवर येतंय ते, आणि दुसरं ऊन वस्तूवर आपटून येतंय ते. पहिल्याला सावली लागते. दुसऱ्याला सावलीचा काडीचा उपयोग नाही. हे आधी वेगळं केलं नाही तर लोक फिल्टरवर फिल्टर घेत बसतात आणि चित्र अजून बिघडतं.

सगळ्यात आधी यूव्ही फिल्टर काढला. धुळीसाठी लावलेला असतो, पण सपाट काच म्हणजे अजून दोन पृष्ठभाग, आणि कोटिंग नसलेली काच प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकते. लेन्स मायक्रोफायबरने पुसली, दमट हवेत एसी गाडीतून काढलेल्या काचेवर वाफ धरते म्हणून ती सुकू दिली. मग छत्री करायला घेतली.

मेंटेनन्सचे साहेब फोनवर होते, पण त्यांनी एक फिटर काका आमच्याबरोबर दिले होते, साठीला आलेले, बोलायला कमी. मी सांगितलं की टोपीला पुढे छत्री असते तसं काहीतरी लेन्सच्या वर लावायचंय, काळं, हलकं, आणि चमकणारं नको. काकांनी आधी काळी इन्सुलेशन टेप काढून दिली. ती आतल्या बाजूने चमकते, उलट अजून ऊन आत फेकते, म्हणून तिचा उपयोग फक्त चिकटवायला. मग त्यांनी काळा पॉलिश पेपर आणला, तो रंगाने झकास होता, एकदम मॅट, पण त्याचे कण गळाले आणि गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या फिरत्या चौकटीच्या, मोटरमध्ये गेले तर संपलं. मी नको म्हटलं. काका काही बोलले नाहीत, आत गेले आणि क्वालिटीच्या लॅबमधून एका मापाच्या उपकरणाच्या डब्यातला काळ्या फोमचा पातळ थर घेऊन आले, दोन मिलिमीटरचा असेल. "हे चालंल का ताई?" हेच पाहिजे होतं.

किती लांब कापायचा हा प्रश्न असतो. जास्त लांब केला तर फ्रेममध्ये दिसतो, वाऱ्याने फडफडतो आणि गिंबलला धक्के बसतात, कमी केला तर ऊन आत. आमची लेन्स २४ मिलिमीटरच्या तोडीची, वर-खाली मिळून साधारण ५७ अंश बघते, म्हणजे मधल्या रेषेपासून वर २८-२९ अंश. कॅमेरा ३५ अंश खाली, सूर्य वीसच्या वर, म्हणजे ऊन मधल्या रेषेपासून ५५ अंश वरून येत होतं. लेन्सची काच सेंटिमीटरभर धरली तर छत्री साधारण बारा मिलिमीटर पुरते, आणि सूर्य चढत जाईल तसं काम सोपंच होत जातं. काकांनी पट्टीच्या टोकाला नख लावून रेघ मारली आणि ब्लेडने एका फटक्यात कापलं, कडा एकदम सरळ. सगळ्या बाजूंनी नळीसारखं करायची गरज नाही, गिंबल कॅमेरा सरळच ठेवतो आणि ऊन नेहमी वरूनच येतं, त्यामुळे वरची एक बाजू बास.

चिकटवली ती कॅमेऱ्याच्या खोक्यावर, लेन्सच्या रिंगवर नाही. लॅबमधल्या काट्यावर टाकून बघितलं, टेपसकट अर्धा ग्रॅमसुद्धा भरलं नाही. वजन बघणं महत्त्वाचं, कारण गिंबलच्या मोटरी बारीक असतात, जास्त वजन झालं की ओव्हरलोडचा मेसेज येतो आणि चित्र थरथरतं. आणि दुसरं म्हणजे ड्रोन चालू करताना गिंबल स्वतःला वर-खाली, डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून बघतो, तेव्हा छत्री कुठे अडकत नाही ना हे पंखे काढलेले असतानाच बघायचं. आमची एका बाजूला किंचित घासत होती, कोपरा गोल कापला, मग मोकळी झाली.

दुसरी बॅटरी लावली आणि वर गेल्यावर खरंच बरं वाटलं. पट्ट्या गेल्या, गोळे गेले, पत्र्याच्या जोडाची सावली दिसायला लागली, स्क्रूच्या डोक्याखालचे रबरी वॉशर दिसायला लागले, कुठे फुटलेत, कुठे गंज ओघळलाय. आतेभाऊ माझ्यापेक्षा जास्त खूश.

पण पॅनेल तशीच पेटलेली. पॅनेल पत्र्यावर क्लॅम्पने बसवताना भोकं पडतात, गळती तिथूनही असू शकते, म्हणून त्या रांगांच्या मधला भाग बघणं भाग होतं. आतेभावाकडे पोलराइज्ड गॉगल होता, दांडी तुटलेला, बाइकच्या डिकीत पडलेला. खरा पोलराइज्ड आहे का हे मोबाईलच्या स्क्रीनसमोर फिरवून बघता येतं, बऱ्याच मोबाईलची स्क्रीन एका कोनात काळी पडते. (म्हणूनच ड्रोन उडवताना स्वतः असा गॉगल घालू नये.) गॉगल डोळ्यासमोर धरून शिडीवरून छपराकडे बघितलं तर पॅनेलची चमक गेली, आतल्या निळ्या सेल दिसायला लागल्या, कोऱ्या पत्र्याची चमक मात्र ढिम्म हलली नाही. ते बरोबरच आहे. काच, पाणी, रंग यांच्यावरून तिरका परतलेला प्रकाश आडवा पोलराइज होतो, म्हणजे त्याच्या लहरी आडव्याच हलतात, तो फिल्टरने अडतो. उघड्या धातूवरचा तसा होत नाही, तिथे कितीही महागाचा फिल्टर लावा.

काकांनी यूव्ही फिल्टरची बारीक रिंग सोडवून काच बाहेर काढली आणि गॉगलचा सपाट भाग त्या मापात कातरीने कापून बसवला. कापायच्या आधी मी वरच्या बाजूला मार्करने खूण केली, कारण तो तुकडा फिरला की उपयोग शून्य. इथे ड्रोनचा एक फायदा आहे, गिंबल कॅमेरा आडवा सरळ ठेवतो आणि छप्परही जवळजवळ आडवंच, त्यामुळे ड्रोन कुठल्याही दिशेला वळवला तरी खूण वर राहिली की चमक कापली जाते. काचेसाठी सगळ्यात चांगला कोन म्हणजे कॅमेरा ३४ अंशांच्या आसपास खाली, पाण्यासाठी ३७, आम्ही आधीच तिथेच होतो. प्रकाश बराच कमी होतो आणि गॉगलचं प्लास्टिक चित्र थोडं मऊ करतं हे खरं आहे, म्हणून तो फक्त पॅनेलच्या फेरीला लावला आणि बाकी छपराला काढून टाकला. कोऱ्या पत्र्यांसाठी एक्स्पोजर हाताने खाली घेतलं आणि सूर्याच्या रेषेतून चाळीसेक अंश बाजूला वळून तिरक्या फेऱ्या मारल्या, त्याला दुसरा इलाज नाही.

सव्वादहाला उतरलो. कॅन्टीनच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून काकांना फोटो मोठे करून दाखवत होते, मोठा खोका उलटा करून त्याच्या सावलीत, आणि एका फोटोवर त्यांनी माझा हात धरला. "थांबा. हा पत्रा नाहीये. हा फायबर आहे." डांबराचं ठिगळ, त्याच्या बाजूने स्क्रूच्या ओळीला धरून गेलेली चीर, आणि चिरेच्या कडेला बारीक धागे सुटलेले. सकाळच्या दुधाळ व्हिडिओत तीच जागा शोधली, तिथे नुसता पांढरा पट्टा होता, बाजूच्या पत्र्याशी एकजीव. काका म्हणाले, आम्ही दरवर्षी याच्याच शेजारून गटर साफ करायला जातो. पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही, मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि खालच्या खांबांचे नंबर विचारत विचारत कुठला फायबर कुठल्या खांबाच्या वर येतो ते वहीत लिहायला लागले, एकेक.

रिपोर्टमध्ये मी त्या ओळीतले सगळे पत्रे लाल केले आणि वरून चालू नये असं ठळक लिहिलं, साहेबांनी ते मान्य केलं, दिवाळीत ते पत्रे खालून मचाण बांधून काढले. पॅनेलच्या रांगेतली क्लॅम्पची काही भोकंही सापडली, ती सीलंटने बंद झाली. पूर्वेची पन्हळ तेवढी बघायची राहिलीय, हाय टेन्शन लाईनमुळे तिकडे ड्रोन नेता येत नाही, काका म्हणतायत लांब काठीला मोबाईल बांधून बघू. ऊन पाठीशी असेल अशा वेळी बघा म्हटलंय.